पार्ट नंतर बदला, आधी तपासणीचे पैसे द्या : टर्बो इंजिनाचं स्लोवरचं मिसिंग



ऊस वाहतुकीचे दिवस जवळ आले की गॅरेजच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागते. त्यात एक तक्रार दरवर्षी ऐकायला मिळते. "रेस दिली की मशीन एकदम मस्त चालतंय, पण स्लोवर सोडलं की मिस मारतंय." नीट चौकशी केली तर यातले बरेच ट्रॅक्टर पंप वाढवलेले, नोझल बदललेले, नाहीतर साध्या इंजिनावर वरून टर्बो चढवलेले असतात. आता गावात टर्बो पेट्रोल गाड्या पण आल्यात. पोरं शहरात जाऊन त्या रिमॅप करून आणतात आणि सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते म्हणून सांगत येतात. इंजिन वेगळं, दुखणं एकच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्लोवरचं मिसिंग म्हणजे अमुक पार्ट गेला असा निकाल नसतो. ती फक्त सूचना असते, की आत काहीतरी बिघडलंय, बघा. ते बघायला वेळ लागतो, हत्यारं लागतात, डोकं लागतं. आणि आपल्याकडे या बघण्याला कुणी पैसे देत नाही. पैसे फक्त पार्टला मिळतात. म्हणून मग पार्टच बदलले जातात. पुढे सगळं सविस्तर लिहितो, पण मुद्दा एवढाच आहे.

मिसिंग स्लोवरच का कळतं?

डिझेल इंजिनाला प्लग नसतो. पिस्टन वर येताना हवा दाबली जाते, दाबामुळं तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा गेला की पेट घेतो. म्हणजे गोष्टी तीनच. हवा पुरेशी दाबली पाहिजे, डिझेल योग्य मापात आणि बारीक फवारून आलं पाहिजे, आणि वेळेवर आलं पाहिजे.

स्लोवर या तिन्हींची परीक्षा असते. इंजिन हळू फिरतं, त्यामुळं रिंगमधून किंवा व्हॉल्व्हमधून हवा गळायला जास्त वेळ मिळतो. डिझेल अगदी थेंबभर जातं, त्यामुळं एका सिलिंडरला थोडं कमी पडलं तरी लगेच फरक दिसतो. रेस दिल्यावर डिझेल वाढतं, फिरण्याचा जोर असतो आणि दुखणं झाकलं जातं. ७५० आरपीएमवर तीन सिलिंडरच्या इंजिनात एकेक सिलिंडर मिनिटाला ३७५ वेळा पेटतो. त्यातला एक दगा द्यायला लागला की तिसरा हिस्सा ताकद गेली. बॉनेट हलणारच.

अजून एक लक्षात ठेवा. स्लोवर टर्बो जवळजवळ काहीच दाब देत नसतो. म्हणून डिझेलमध्ये स्लोवर मिस मारतंय म्हटल्यावर पहिला हात टर्बोला घालणारा माणूस चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. टर्बोची नळी फुटली तर ओढताना काळा धूर येईल, ताकद पडेल. टर्बोचं सील गेलं तर स्लोवर निळा धूर येईल, ऑइल कमी होईल. पण एक सिलिंडर बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडं असतं.

आधी ऐका : मिसिंग आहे की हंटिंग?

दोन्हीला लोक मिसिंगच म्हणतात, पण फरक मोठा आहे. इंजिन सगळंच मिळून वर-खाली होत असेल, म्हणजे आरपीएम वाढतो, पडतो, परत वाढतो, तर ते हंटिंग. याचं कारण बहुतेक डिझेलमध्ये घेतलेली एअर, चोक झालेला फिल्टर किंवा पंपाचा गव्हर्नर. ठेका मात्र एका मापानं चुकत असेल, धड-धड-फुस, धड-धड-फुस, तर एक ठराविक सिलिंडर काम करत नाही. आणि कधी मारतंय, कधी तासभर मारत नाही असं असेल तर परत एअर किंवा पाणी यांच्यावर संशय धरा.

त्यानंतर थंड-गरम बघा. सकाळी थंड असताना मिस मारतं, पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा डोळ्याला झोंबणारा वास येतो, आणि गरम झाल्यावर सुधारतं, तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असण्याची शक्यता जास्त. थंड असताना बरं आणि गरम झाल्यावर बिघडतं, तर झिजलेला पंप-नोझल किंवा टाईट व्हॉल्व्ह बघायचा. कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त गळतं. स्लोवर काळा धूर आणि ठोका असेल तर नोझल फवारायचं सोडून ठिबकतंय का ते बघा.

एवढं ऐकायला आणि बघायला पाना लागत नाही. फक्त गाडी रात्रभर थंड ठेवून सकाळी मिस्त्रीसमोर चालू करायला पाहिजे. आपण मात्र गरम गाडी नेऊन उभी करतो आणि म्हणतो, बघा.

तपासायचा क्रम

हा क्रम स्वस्तातून महागाकडं जातो. उलटा केला की खिसा फाटतो.

१) डिझेल, पाणी, एअर. फिल्टर कधी बदलला? सेपरेटरमधलं पाणी काढलं का? टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढणारी असते. तिथं बारीक फट असली तर बाहेर डिझेल गळत नाही, उलट आत एअर जाते. म्हणून वरून सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो. फिल्टर आणि पंपाच्या मधे थोडा वेळ पारदर्शक नळी लावा आणि बुडबुडे दिसतात का बघा. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर चार-चारदा वापरलेले असतात, ते नवे टाका. सगळ्यात स्वस्त वस्तू आहे ही.

आमच्या शेजारच्या गावात एका ट्रॅक्टरचं असंच झालं. नोझलचा सेट नवा टाकला, पंप खोलून आणला, तरी दोन दिवसांनी परत तेच. खर्च २०-२५ हजारांच्या घरात गेला. शेवटी टाकीखालची रबरी नळी क्लॅम्पच्या आत चिरलेली सापडली. पारदर्शक नळी पहिल्या दिवशी लावली असती तर पहिल्याच दिवशी बुडबुडे दिसले असते.

२) कुठला सिलिंडर, ते शोधा. थंड इंजिन चालू करून मिनिटभर स्लोवर ठेवा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचा थेंब टाका, किंवा लेझरचा तापमान-गन धरा. जो फाटा तापायला मागं राहतो तो सिलिंडर नीट पेटत नाही. काही खोलायची गरज नाही.

मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात दुसरी पद्धत पण आहे. स्लोवर चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट थोडा ढिला करायचा. ज्याचा नट ढिला केल्यावर इंजिन अजून पडतं तो सिलिंडर काम करतोय. ज्याचा ढिला करूनही काही फरक पडत नाही तो दोषी. त्याच वेळी नटातून डिझेल येतंय का तेही बघा. येतच नसेल तर पंपाकडं किंवा नळीकडं जा. येत असेल तर नोझल किंवा कॉम्प्रेशन. डोळ्याला चष्मा, नटावर जाड फडकं, आणि धारेसमोर हात धरायचा नाही.

इथं एक मोठा इशारा. कॉमन रेल इंजिनाचा नट चालू इंजिनात कधीही ढिला करू नका. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ चे नियम लागू झाले आणि त्यात कॉमन रेल मोठ्या प्रमाणावर आलं. आजकालच्या पिकअप आणि डिझेल गाड्यांत तर ते आधीपासूनच आहे. त्या रेलमध्ये स्लोवरसुद्धा शेकडो बार दाब असतो आणि लोडवर १६०० बार आणि त्याच्याही पुढं जातो. ती धार कातडीतून आत घुसते. सुरुवातीला टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, दुखत पण नाही फारसं. पण डिझेल आतलं मांस कुजवतं आणि बोट, हात कापायची वेळ येते. असं कुणाला झालं तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, ताबडतोब ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं. कॉमन रेलमध्ये स्कॅनर लावून प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन बघतात आणि रिटर्नच्या नळ्यांना बाटल्या लावून कुणाचं डिझेल जास्त परत येतंय ते मोजतात. तेवढं करणारा माणूस शोधा.

३) अदलाबदल करा, खरेदी नको. दोषी सिलिंडरचं नोझल शेजारच्याला आणि शेजारचं याला. खालचा तांब्याचा वॉशर नवा, बसायची जागा साफ, आणि सारखा ताण. मिसिंग नोझलबरोबर सरकलं तर दोष नोझलचा. तिथंच राहिलं तर नोझल निर्दोष. या एका अदलाबदलीनं तीन-चार नवी नोझल वाचतात.

४) टॅपेट. आवाज करणारा टॅपेट लोकांना दिसतो, गप्प बसलेला दिसत नाही. गॅप कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब गळतो आणि तो स्लोवर पहिल्यांदा जाणवतो. आवाज तर काहीच नसतो, उलट मालक खूश. मॅन्युअलमध्ये दिलेली गॅप फिलरनं लावा. अंदाजानं नको.

५) कॉम्प्रेशन. डिझेलचा वेगळा गेज लागतो. पेट्रोल गाडीचा ३०० पीएसआयचा गेज इथं चालत नाही, कारण डिझेल इंजिनात दाब साधारण ४०० पीएसआयच्या आसपास जातो. नक्की आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला धरायचा. त्या आकड्याइतकाच महत्त्वाचा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक. दोन सारखे आणि एक बराच खाली असेल तर उत्तर मिळालं. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढून बघा, भसाभसा धूर येत असेल तर रिंगमधून दाब खाली जातोय.

६) पंप सगळ्यात शेवटी. आणि तो सुद्धा टेस्ट बेंचवर. लाईन पंपात प्रत्येक सिलिंडरचा वेगळा एलिमेंट असतो, त्यामुळं एकाचं माप कमी-जास्त होऊ शकतं. रोटरी पंपात तेच प्लंजर सगळ्या सिलिंडरांना डिझेल देतात. म्हणून तिथं एकच सिलिंडर मिस मारत असेल तर पंपाचा दोष असण्याची शक्यता कमी असते. एवढा साधा फरक ठाऊक असला तरी पंप उगाच खोलला जात नाही.

वाढवलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी का?

पंप वाढवणारा काय करतो? डिझेलचा स्क्रू फिरवतो, चढावर धूर बघतो, म्हणतो, आता ओढंल. तो फक्त वरचं माप बघतो. स्लोवर प्रत्येक सिलिंडरला सारखं जातंय का, हे ट्रॅक्टरवर उभं राहून कळत नाही. ते बेंचवरच कळतं. काही रोटरी पंपांत डिझेलचा स्क्रू आत घेतला की स्लो पण वाढतो. मग तो स्लोचा स्क्रू मागं घेतो आणि गव्हर्नर मधल्या मधे नाचायला लागतो.

मोठ्या भोकाच्या नोझलचं तसंच. लोडवर भरपूर डिझेल देतं, पण स्लोवरच्या थेंबभर डिझेलचा बारीक फवारा होत नाही. मोठे थेंब पडतात, अर्धवट जळतात. हे मिसिंग दुरुस्तीनं जाणार नाही. ते त्या मोडिफिकेशनचंच फळ आहे. मालकाला हे आधी कुणी सांगत नाही.

पण यात खरी भीती वेगळी आहे. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. कंपनीच्या टर्बो इंजिनात पिस्टनला खालून ऑइलचा फवारा मारून थंड ठेवायची सोय बहुतेक वेळा असते, मटेरियल वेगळं असतं, कॉम्प्रेशन त्या हिशोबानं ठरवलेलं असतं. साध्या इंजिनावर टर्बो चढवला आणि पंप वाढवला की हे काही मिळत नाही, उष्णता मात्र मिळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, रिंग पकडते, पिस्टनचं डोकं वितळायला लागतं. हे आत चालू असताना बाहेर पहिलं दिसणारं लक्षण काय? थंडपणी स्लोवरचं बारीक मिसिंग.

आणि लोक त्यावर उपाय काय करतात? स्लो वाढवून ठेवतात. ७०० चा ९०० केला की थरथर कमी होते, मालक निघाला कारखान्याला. हे मला अजिबात पटत नाही. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडल्यासारखं आहे ते. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, वास डिझेलचा येतो. टर्बोची बेअरिंग त्याच ऑइलवर फिरते, क्रँकची बेअरिंग पण त्याच ऑइलवर. एका नोझलचं दुखणं असं पूर्ण इंजिनाचं होतं. आणि ते नेमकं दोन ट्रेलर भरून रस्त्यावर असताना होतं, घरी नाही. मागं कुणाची मोटारसायकल असेल याचा विचार करा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही. वॉरंटी तर पहिल्याच दिवशी जाते. अपघात झाल्यावर हे विषय कागदावर येतात, तोपर्यंत कुणाला आठवत नाहीत.

पोरांच्या टर्बो पेट्रोल गाडीचं

इथं प्लग असतो, म्हणून वाट थोडी बदलते. पण क्रम तोच.

पेट्रोल इंजिनात स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, व्हॅक्यूम. तिथं कुठं फट असेल तर न मोजलेली हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि मिसफायर होतो. ॲक्सिलरेटर दिला की त्या फटीतल्या हवेचा हिस्सा किरकोळ ठरतो आणि गाडी सुधारते. म्हणून स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम बघायचा. स्लोवर खूप अधिकमध्ये आणि २५०० आरपीएमवर शून्याजवळ, तर फट शोधा. ब्रीदरची नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, आणि बाहेरून बसवलेला फुस्स आवाजाचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग नरम असली की तो स्लोवर व्हॅक्यूमनं उघडा राहतो आणि तिथूनच हवा ओढतो. आवाजाची हौस आणि स्लोची थरथर, दोन्ही एकाच डबीतून येतात. फट डोळ्यानं दिसत नसेल तर धुराची टेस्ट करून घ्या, धूर बरोबर फटीतून बाहेर येतो.

कोड पी ०३०० आला तर मिसफायर ठराविक सिलिंडरचा नाही, सगळीकडं विखुरलेला आहे. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा. पहिल्याची कॉईल दुसऱ्याला लावा. कोड पण दुसऱ्याकडं गेला तर कॉईल. नाही गेला तर प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. नोझलच्या अदलाबदलीचीच ही पेट्रोल आवृत्ती.

प्लगच्या गॅपचं ट्यून केलेल्या गाडीत जास्त महत्त्व. बूस्ट वाढवला की ठिणगी विझू नये म्हणून गॅप कमी करतात. फार कमी केली की स्लोवरच्या मिश्रणाला ठिणगी पुरत नाही. बूस्टवर मिस मारत असेल तर गॅप जास्त असल्याचा संशय, स्लोवर मारत असेल तर फार कमी असल्याचा. मोठे इंजेक्टर टाकून मॅप नीट केला नसेल तर स्लोवर माप हुकतं, कारण स्लोवर इंजेक्टर क्षणभरच उघडतो आणि तेवढ्यात थोडी चूकही मोठी ठरते. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठते, पेट्रोल त्याच्यावरून जात नसल्यानं ती धुतली जात नाही, आणि सकाळच्या थंड स्टार्टला गाडी अडखळते. अशा गाडीला कॉईलचा सेट टाकून काय होणार?

आणि इंजिनाचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जळतो. तो पार्ट प्लगच्या किमतीत येत नाही.

मग दोष कुणाचा?

मिस्त्रीला लगेच चोर ठरवणारे खूप आहेत. माझं तसं मत नाही. विचार करा, त्यानं दोन तास घालवून नळीतली फट शोधली. बिल काय करणार? नळी आणि क्लॅम्प, शे-दोनशे रुपये. तुम्ही म्हणणार, एवढ्याशा कामाला मजुरी कसली? तेच त्यानं नोझलचा सेट टाकला की हजारोंचं बिल होतं, त्यात त्याचं कमिशन आणि मजुरी दोन्ही निघते, आणि आपण पण समाधानानं पैसे देतो, कारण हातात जुना पार्ट दिसतो. दिसणाऱ्या लोखंडाला आपण पैसे देतो, डोक्याला देत नाही. मग बाजार लोखंडच विकणार.

काहीजण म्हणतील, आमचा मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगतो. मला अशा कानांचा आदर आहे. तीस-तीस वर्षं हात काळे केलेली माणसं आहेत ती. पण कान सांगतो की सिलिंडर गेला. का गेला, ते गेजच सांगतो. नोझल, व्हॉल्व्ह आणि रिंग, तिघांचाही ठेका चुकल्याचा आवाज बऱ्याचदा सारखाच येतो.

दुसरे म्हणतील, हंगामात एवढा वेळ कुणाकडं आहे? वर दिलेल्या पहिल्या चार पायऱ्या अर्ध्या दिवसात होतात. पंप जिल्ह्याच्या गावी पाठवून परत यायला किती दिवस लागतात ते तुम्हीच सांगा.

या पानावर कृषी पदवीधर मंडळी पण आहेत, त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. ऊस पिवळा पडला. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. जुनी पानं आधी पिवळी, तर नत्र. पाणी साचलेल्या पट्ट्यातच पिवळा, तर मुळी गुदमरली. तीन वेगळी कारणं, आणि तिन्हीला युरियाचं पोतं फोडलं जातं. दुकानात सल्ला फुकट मिळतो, म्हणून सल्ल्याची किंमत बाटलीतून वसूल होते. माती परीक्षणाला, पान-देठ परीक्षणाला पैसे द्यायचे म्हटलं की हात आखडतो. गॅरेज असो की कृषी केंद्र, जिथं निदान फुकट असतं तिथं औषध महाग पडतं.

म्हणून माझं सांगणं असं.

गॅरेजमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य "काय बदलावं लागंल?" असं नको. "तपासायचे किती घेणार?" असं विचारा. ठरलेली रक्कम द्या, पार्ट लागो न लागो. नळीत फट सापडली तरी पूर्ण द्या, कुरकुर करू नका. त्या बदल्यात लेखी मागा: कुठला सिलिंडर, अदलाबदल केल्यावर काय झालं, कॉम्प्रेशन प्रत्येकाचं किती, टॅपेट गॅप किती निघाली. एका कागदावर चार ओळी पुरेत. तो कागद गाडीतच ठेवा. पुढच्या वर्षी तोच मिस्त्री असेल किंवा दुसरा, त्याला मागचा आकडा मिळेल. फक्त आजचं कॉम्प्रेशन कळून निम्मंच समजतं. गेल्या वर्षीपेक्षा किती उतरलं ते कळलं की पूर्ण समजतं.

गावात एखादा डिझेलचा कॉम्प्रेशन गेज, एक तापमान-गन आणि एक साधा स्कॅनर वर्गणी काढून घ्यायला काय हरकत आहे? फवारणीचा पंप, पेरणीयंत्र आपण मिळून घेतोच की. शेतकरी गटांनी या तीन वस्तू घ्याव्यात आणि गावातल्या एखाद्या हुशार पोराला त्या चालवायला शिकवावं. आयटीआय केलेली पोरं घरी बसलेली आहेत. त्यांना पार्ट विकायचे नाहीत, म्हणून ती खरं सांगतील.

आणि ज्यांना पंप वाढवायचाच आहे त्यांच्यासाठी शेवटचं. वाढवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवा. पंप बेंचवरच वाढवून घ्या आणि स्लोवरचं माप सगळ्या सिलिंडरांना सारखं आहे का ते तिथंच उभं राहून बघा. ते दाखवायला पंपवाला तयार नसेल तर त्याच्याकडून वाढवू नका. माझं विचाराल तर दोन ट्रेलर ओढायला जास्त एचपीचा ट्रॅक्टर लागतो, वाढवलेला पंप त्याची जागा घेत नाही. पण निर्णय तुमचा, ट्रॅक्टर तुमचा, कर्जाचा हप्ताही तुमचाच.